चालून दाखव

मंदाचा आवाज बसला होता आणि ती खुशीत होती.

मी संध्याकाळच्या रियाजाला बसले होते. तानपुरा नुकता कुठे जुळला होता, एवढ्यात ती चपला भिरकावून आत आली आणि म्हणाली, "ताई, खायला काय आहे?" शब्द फाटक्या पिपाणीतून आल्यासारखे बाहेर पडले.

"काय झालं घशाला?"

"ओरडले."

"कुणावर?"

"कुणावर नाही. नुसतीच ओरडले. नोरीनकडे." आणि त्या फाटक्या आवाजातच ती हसली. कितीतरी वेळ हसत राहिली.

आवाज बसणं म्हणजे आमच्या घरात सुतक. अर्थात माझा. मी आंबट खायचं नाही, बर्फाचा गोळा खायचा नाही, थंडीत कानाला रुमाल बांधल्याशिवाय अंगणात जायचं नाही. आई माझ्यासाठी वेगळं वरण करायची, चिंच न घातलेलं. मंदाच्या घशाची चौकशी कधी कुणी केली नव्हती. तिला सूर नव्हता. लहानपणी तिलाही मुजुमदार मास्तरांकडे बसवून पाहिलं होतं. महिनाभराने मास्तर अण्णांना म्हणाले, "फिरके, हिला शिवण शिकवा." त्यावर अण्णा हसले, मीही हसले. मंदा हसली की नाही, ते मला आठवत नाही.

आम्ही भुसावळच्या रेल्वे कॉलनीत राहायचो. अण्णा मालगाडीवर गार्ड होते. मागच्या ओळीतल्या मोठ्या क्वार्टरमध्ये रॉबर्ट्स नावाचे मेल ड्रायव्हर राहायचे, आणि नोरीन त्यांची धाकटी मुलगी. मंदाच्याच वर्गातली. कॉलनीतले बरेचसे अँग्लो-इंडियन तोवर देश सोडून गेले होते. नोरीनचा भाऊही इंग्लंडात होता, आणि सुट्टीवर आला तेव्हा त्याने एक रेकॉर्ड आणली होती. तो परत गेला, रेकॉर्ड राहिली. सगळं तिथून सुरू झालं.

आधी मी लक्ष दिलं नाही. पण मंदा कॉलेज सुटलं की घरी यायच्या ऐवजी तिकडे जायला लागली. पूर्वी माझा रियाज चालू असला की ती उंबऱ्यावर बसून शेंगा सोलायची, वाटाणे सोलायची आणि मधूनच म्हणायची, "आता ते वरचं घे ना, गोल गोल जाणारं." तिला तानेला तान म्हणतात हेही ठाऊक नव्हतं. तिला गाण्यातलं काही कळत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. पण उंबरा रिकामा झाला, आणि माझ्या लक्षात आलं की मी वरचं घेताना तिकडेच बघते आहे.

एके दिवशी मी तिला आणायला गेले. आईने पाठवलं नव्हतं, माझी मीच गेले.

नोरीनच्या घराबाहेरच ऐकू येत होतं. पत्र्याच्या शेडवर कुणी दगड ओतावेत तसा आवाज. आत दोघी जमिनीवर पालथ्या पडल्या होत्या, रेकॉर्ड प्लेअरच्या दोन बाजूंना, जणू शेकोटीच होती ती. नोरीन झटकन उठली.

"पुष्पाताई! बसो ना. चहा पिणार?"

"नको. मंदा, चल."

"थांब ना ताई. एक गाणं ऐक. दोन मिनिटांचं आहे."

"दोन मिनिटांत गाणं होतं?"

"इसमें तो दोन मिनिट पण नाही लागत," नोरीन म्हणाली. "एक गाना तर असा आहे, तू चहात साखर टाकली की संपला."

तिने सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. मी उभीच राहिले. कव्हर कॉटवर पडलेलं होतं. बंद दुकानाच्या शटरसमोर तीन पोरगे आणि एक मुलगी, काळंपांढरं चित्र, धुरकट, कुणी घाईत छापल्यासारखं. त्या मुलीचे केस तिने स्वतःच कात्रीने कापलेले दिसत होते. गाणारी तीच.

मी कान देऊन ऐकलं. मला दुसरं काही येतच नाही. ढोलवाला पहिल्याच ठोक्याला अडखळला. गिटारची एक तार उतरलेली होती. सगळ्या गाण्यात तीनच स्वरमेळ, तेच पुन्हा पुन्हा. आणि ती मुलगी! ती वरच्या सुराला धावायची, पोचायची नाही, खाली आपटायची आणि तिथूनच पुढे ओरडत सुटायची. शब्द मला कळले नाहीत. कळत होतं ते एवढंच, की ही मुलगी कुणाला तरी "नाही" म्हणते आहे.

गाणं संपलं तशी मी म्हणाले, "बेसूर आहे ती."

"हो!" मंदाचे डोळे चमकत होते. "चुकते ना? ऐकलंस ना? चुकते आणि पुढे जाते. परत मागे येऊन नीट करत नाही."

"मग रेकॉर्ड करताना पुन्हा घ्यायचं होतं. दुरुस्त करता येतं."

"ताई, दुरुस्त केलं असतं तर मला कसं आवडलं असतं?"

"आई वाट बघते आहे," मी म्हणाले, आणि मंदा उठली तीसुद्धा रेकॉर्डकडे बघत. प्रवासाला निघालेल्या माणसाकडे बघावं तसं.

आज त्या रेकॉर्डला फार मोठं स्थान आहे म्हणतात. तिच्यावर लेख येतात, नव्या मुली तिच्यावरून बँड काढतात. मला तेव्हा तसलं काही माहीत नव्हतं. मला फक्त तिचा मत्सर वाटत होता. एका तबकडीचा! मी घरी येऊन तानपुरा घेतला, संध्याकाळचा पूर्वी राग सुरू केला, आणि पहिल्यांदा मला स्वतःचा आवाज घासलेल्या भांड्यासारखा वाटला. लख्ख. आत काही नसलेला.

त्याच आठवड्यात मास्तरांनी डोळे मिटून माझं गाणं ऐकलं. मग म्हणाले, "चूक काढायला जागाच नाही ठेवत गं तू." घरी येताना वाटेत कळलं, ते कौतुक नव्हतं.

त्या वर्षी माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. ते आमच्याकडे कसं व्हायचं ते सांगायला हवं. पाहुणे यायचे. मंदा पोह्यांच्या बश्या आणून ठेवायची आणि पडद्याआड उभी राहायची. मी नमस्कार करून बसायचे. मग मुलाची आई किंवा मामी म्हणायची, "गाते ना? म्हणू दे एखादं." मी एखादं भक्तिगीत म्हणायचे, ते "छान" म्हणायचे आणि लगेच उंची विचारायचे. चालायला लावायचे, पाय सरळ आहेत ना बघायला. सुईत दोरा ओवायला लावायचे, नजर बघायला. एका मावशीने तर अंबाडा सोडायला लावला, केस खरे आहेत का म्हणून. मी सगळं केलं. मला राग येत नसे. येत नसे असंच मला वाटायचं.

सावद्याचे बोंडे आले ते त्यातले शेवटचे. मुलगा बँकेत, शांत, दिसायला नीटस. त्याच्या आईने मला आत नेऊन काही गोष्टी विचारल्या आणि बाहेर येऊन म्हणाली, "पसंत आहे जवळजवळ. गाणं मात्र मोठ्या सभेत ऐकायचंय. आमच्या आल्यागेल्यात सांगता आलं पाहिजे." कॉलनीच्या क्लबचा, म्हणजे रेल्वे इन्स्टिट्यूटचा, वार्षिक कार्यक्रम तोंडावर आला होता. दरवर्षी त्यात मी गायचे आणि पहिलं बक्षीस घरी आणायचे. अण्णांनी त्यांना आमंत्रण दिलं.

त्याच कार्यक्रमात मंदाने नाव दिलं.

"तू?" मी विचारलं. "काय करणार?"

"गाणार."

"मंदा, लोक हसतील."

"हसू देत."

"कुठलं गाणं?"

"आमचंच आहे. आम्ही बनवलं."

गाणं बनवलं! मी इतकी वर्षं शिकत होते, आणि एक ओळ बनवावी असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी विचारलं, "म्हणून दाखव." ती म्हणाली, "आत्ता नाही," आणि पदराआड काही लपवावं तशी हसली. त्यानंतर रोज ती घसा बसवून यायची. आई तिला हळदीचं दूध द्यायला लागली. एकदा मी तो पेला बघितला आणि मला इतकी चीड आली, की मी विनाकारण खोकले. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी इन्स्टिट्यूटचा हॉल भरला होता. पुढे साहेबलोक, दुसऱ्या रांगेत अण्णा, आई आणि बोंडे मंडळी, मागे कॉलनीतल्या बाया पोरंबाळं घेऊन. मी मोरपिशी रेशमी साडी नेसले होते. माझं गाणं झालं. कसं झालं ते सांगण्यासारखं काही नाही, नेहमीसारखं झालं. टाळ्या आल्या, ठरलेल्या उंचीच्या. बोंडेबाईंनी शेजारणीकडे वळून मान डोलावली. मी आत येऊन विंगेत तानपुऱ्याशेजारी बसले.

मग सूत्रसंचालकाने नावं पुकारली. मंदा आणि नोरीन. नोरीनच्या गळ्यात गिटार, तिच्या काकाची. मंदाच्या हातात तेलाचा रिकामा डबा आणि लाटणं. हॉल आधीच हसायला लागला. मंदाने डबा खुर्चीवर ठेवला, माइकसमोर आली, "एक दोन तीन चार!" असं ओरडली, आणि गिटार सुटली.

तेच तीन स्वरमेळ. डब्याचा दणका. आणि मंदाचा आवाज, दोन्ही बाजूंनी फाटलेला:

"चालून दाखव! दाखवते!
बसून दाखव! दाखवते!
दोरा ओव! ओवते!
केस सोड! सोडते!
उंची किती? वजन किती?
नाव काय ते विचारा की!"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग "केस सोड" आलं आणि माझ्या मानेवर काटा आला. ती माझी गोष्ट होती. पडद्याआड उभी राहून तिने सगळं ऐकलं होतं.

हॉलमधलं हसू बदललं. पुढचे अजून तिला हसत होते, पण मागच्या बाया आता निराळ्या हसत होत्या. एकमेकींना कोपर मारून, तोंडाला पदर लावून. दुसऱ्या कडव्याला एकीने टाळीचा ठेका धरला. मग रांगच्या रांग. मला इतक्या वर्षांत कुणी असा ठेका दिला नव्हता. माझ्या गाण्यात लोक शांत बसायचे, मी त्याला आदर समजत होते.

आणि मी तिथे रेशमी साडीत बसून जळत होते. तिला सूर नाही, ताल यथातथा, घसा बसलेला, आणि सगळा हॉल तिच्या मुठीत. तेही माझ्या जिवावर! चालले मी होते, केस मी सोडले होते. पाहुणे गेल्यावर बश्या विसळून ही नोरीनकडे पळायची, आणि माझं सगळं तिकडे नेऊन तिने हे केलं होतं.

तेवढ्यात बोंडेबाई उठून उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या राहून मंदाकडे बघत राहिल्या. त्यांच्या शेजारी अण्णा होते. अण्णांचा चेहरा बघितला आणि मंदा थांबली. तोंड उघडं, लाटणं हवेत. पुढची ओळ तिच्या डोक्यातून उडाली होती. नोरीन तेच तीन स्वरमेळ वाजवत राहिली, एकदा, दोनदा, परत एकदा. "मंदा," ती दातांतून पुटपुटत होती, "मंदा, चालू कर ना." टाळ्यांचा ठेका विस्कटला. पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, "बास झालं, उतरा आता."

मी उठले. चपला विंगेतच राहिल्या. मंदाला बाजूला केलं, खरं तर ढकललंच, आणि माइक धरला. समोर बोंडेबाई उभ्या होत्या. आतल्या खोलीत दार लोटून त्यांनी मला जे विचारलं होतं, ते मी आईलाही सांगितलं नव्हतं. तेच मी ओरडले.

"पाळी येते का वेळेवर?
साडी घे गं गुडघ्यावर!
डाग कुठे का अंगावर?
दाखव! दाखव! दाखव!"

शेवटचं "दाखव" मी वर घेतलं, फार वर, आणि तिथे माझा आवाज फाटला. चरकन. मला ऐकू आला तो. उभ्या आयुष्यात मी त्या जागी मागे वळले असते, पुन्हा घेतलं असतं, नीट केलं असतं. पण गिटार पुढे चालली होती. मी पुढे गेले.

मग मागून कुणीतरी बाई एवढ्या मोठ्याने हसली, की ते रडणं आहे का हसणं ते कळेना. आणि मग बाकांवर हात आपटायला सुरुवात झाली. मंदाने डबा पुन्हा ठोकायला घेतला. आम्ही दोघी एकाच माइकमध्ये ओरडत होतो आणि मी तिला जागा देत नव्हते. तिचं कोपर माझ्या बरगडीत होतं, माझं तिच्या.

लोक पुढे कित्येक वर्षं म्हणायचे, काय बहीण आहे, धाकटी अडकली तर कशी धावून आली. मी त्यांना काही सांगत नसे. मी मंदासाठी गेले नव्हते. राग माझा होता आणि ती तो गात होती, हे मला सहन झालं नाही. इतकी वर्षं मी राग शिकले, एवढा एक राहून गेला होता.

बोंडे मंडळी चहा न घेता गेली. जाताना मुलाने एकदा मागे वळून स्वतःच्या आईकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. ते स्थळ मोडलं. पुढची दोन-तीन आमच्याकडे यायच्या आधीच मोडली. घरात आल्यावर अण्णा टोपी खुंटीला अडकवून म्हणाले, "पुष्पे, गरम पाण्याच्या गुळण्या कर." थोडं थांबून म्हणाले, "मंदे, तूपण."

पुढे माझं लग्न झालं, उशिरा, एका शिक्षकाशी. मुलगी बघायला तो एकटाच आला आणि आधी त्यानेच स्वतःबद्दल सगळं सांगितलं. मी जळगावला गाणं शिकवते. मास्तर हयात असेपर्यंत माझं ऐकत होते, आणि मधूनमधून चुका काढायला लागले होते. रॉबर्ट्स कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं, रेकॉर्ड नोरीनबरोबर गेली. मंदा विमा कंपनीत लागली, युनियनमध्ये पडली, कचेरीच्या दारापुढच्या गेटसभेत तिला माइक लागत नाही. हे सगळं पुढचं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, ते सांगायचं राहिलं.

मंदा माझ्याशी बोलत नव्हती. चूल पेटली होती, आई भाकरी थापत होती. आवाज आम्हा दोघींचाही गेला होता, त्यामुळे भांडण कुजबुजीत झालं.

"काय झालं तुला?" मी विचारलं.

"माझं गाणं घेतलंस."

"तुझं? त्यातला प्रत्येक शब्द माझ्यावर घडलाय मंदा. तू पडद्यामागे होतीस."

"हो, होते! तू बोलली नाहीस म्हणून मी बोलले. तुझ्याकडे मास्तर आहेत, तानपुरा आहे, कपाटभर बक्षिसं आहेत. चिंचेशिवायचं वरण आहे. मला या घरात एकच गोष्ट मिळाली होती. एकच. जिच्यात तू नव्हतीस." तिचा बसलेला आवाज हलला. "आणि तूच आलीस, आणि माझ्यापेक्षा चांगली ओरडलीस."

गेले कित्येक आठवडे मी तिचा हेवा करत होते, आणि ती तर जन्मभर उंबऱ्यावर बसून माझा करत होती. शेंगा सोलत.

"चांगली नाही ओरडले," मी म्हणाले. "वर आवाज फाटला माझा."

"तेच तर म्हणतेय मी!"

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. एकीलाही हसायचं नव्हतं.

आईने भाकरी तव्यावर टाकली. पाण्याचा हात फिरवला. आमच्याकडे तिची पाठच होती.

"माझे दात मोजले होते," ती म्हणाली. "तोंडात बोट घालून. माझ्या सासूने."

चुलीतलं लाकूड तिने आत सारलं.

"तेही गाण्यात घाला," आई म्हणाली.